मी इथेच बसल्ये

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पत्रिकेवर नाही, दृष्ट काढण्यावर नाही, आणि आमच्या हेडमास्तरांच्या ‘देखते हैं’वर तर मुळीच नाही. मी देवासच्या एका शाळेत गणित शिकवते. जे फळ्यावर सोडवून दाखवता येत नाही त्याच्याशी मी फार सलगी करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना लोक माझ्याकडे बिचारी म्हणून बघायला लागतात आणि मला त्याचा भयंकर संताप येतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी चौथीच्या वर्गात उभी होते. वर्ग माझा नव्हता. तो माझ्या नणंदेचा, सुमंगलाचा. मी तिला वन्सं म्हणायचे. धारला माझ्या माहेरी हा शब्द केव्हाच मोडीत निघाला होता, पण मराठा दरबाराबरोबर इकडे आलेल्या पूर्वजांचे शब्द सासूबाईंनी लोणच्यासारखे बरणीत भरून ठेवलेत, आणि सून घरात आली की तिला रोज थोडे थोडे वाढतात. वन्संनी लग्न केलं नाही. आम्ही दोघी एकाच स्कूटरवर एकाच शाळेत जायचो. मी चालवायचे आणि त्या मागून प्रत्येक वळणाला खाकरून ‘सावकाश’ म्हणायच्या. दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूने त्या चार दिवसांत गेल्या. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला, आणि स्कूटरची मागची सीट रिकामी झाली.

तर मी फळ्यावर भागाकार मांडत होते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो नेमका याच वर्गाच्या खिडकीबाहेर आहे. तुकाराम शिपाई त्यावर हातोडी अशी हाणतो की दात शिवशिवतात. त्याने तास संपल्याचा टोल दिला आणि माझ्या पाठीमागे वन्संनी घसा खाकरला.

“झालं हं, झालं. संपलंच बघ. भिंतीकडे बघ. मी इथेच बसल्ये. कुठ्ठे जात नाही.”

त्यांच्यासारखा आवाज नव्हे. त्यांचाच आवाज. तो शेवटी किंचित वर जाणारा हेल, ते ‘बसल्ये’, जे आता सगळ्या देवासात सासूबाई आणि वन्सं सोडून कोणी म्हणत असेल असं मला वाटत नाही. माझ्या हातातला खडू पडला. मी वळले तेव्हा अख्खा वर्ग भिंतीकडच्या बाकाकडे बघत होता. तिथे अंकिता दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मोठे करून बसली होती, आणि वन्संचा आवाज तिच्या तोंडातून येत होता.

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मैडम, अंकिता में बड़ी मैडम आ गई।”

मी तिला गप्प बस म्हणून ओरडले. मग बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

अंकिता मूळची आमच्याच धार जिल्ह्यातली, निसरपूरची. धरणाचं पाणी चढलं, घर गेलं, आणि बाप विपुल देवासच्या एका कारखान्यात लागला. घरात बोली निमाडी, शाळेत हिंदी. मराठीचा त्या घराशी काडीचा संबंध नाही. मुलगी स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. बोलते फार थोडं. अचानक आवाज झाला किंवा ठरलेलं काही बदललं की तिला इतकी भीती वाटते की कधी उलटी होते, कधी ती वर्गातून पळत सुटते. पहिलीपासून तीन शिक्षकांनी हात टेकले होते. वन्संनी तिचं बाक आपल्या खुर्चीशेजारी घेतलं. दारामागून मी कितीदा बघितलं होतं, टोल पडायच्या सुमाराला त्या तिच्या बाजूला वाकून काहीतरी पुटपुटायच्या. हिंदीत शिकवणारी बाई मायेने बोलायला लागली की आपसूक मराठीत यायची.

आता शाळेने काय केलं होतं? खुर्ची उचलून ऑफिसात नेली आणि त्या जागी भिंतीवर वन्संचा हार घातलेला फोटो लावला. पोरीला सवय लावलेली ‘भिंतीकडे बघ’ची, आणि त्याच भिंतीवर हा फोटो. बाई कुठे गेल्या हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगून तिला काय कळणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शाळेत बातमी पसरायला मधल्या सुट्टीएवढाही वेळ लागत नाही. पालक येऊन ऑफिसात बसू लागले. हेडमास्तर उमाशंकर सर आमच्यातलेच, पण मराठी त्यांच्या तोंडात पाहुणीसारखी येते आणि लगेच जाते.

“देखो ऋजुता, मला पण वाईट वाटतं. सुमंगला आपली होती. पर पालक लोग मानत नाहीत. बच्चे डर रहे हैं. डिसेंबरात सहामाही आहे, तोपर्यंत बघू. तोवर ते आवाजाचं बंद झालं तर ठीक, नाही तर टी.सी. देना पड़ेगा.”

“आणि मग ती कुठे जाईल, सर?”

“इंदूरला असतं ना काहीतरी.”

इंदूरला असतं काहीतरी! बापाची शिफ्ट, आई सीता चार घरी पोळ्या लाटते, आणि पोरगी बसच्या हॉर्नने जमिनीवर लोळते. टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि दाखला म्हणजे कायमचं घर, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

सीता मला भेटायला आली ती वर्गाच्या उंबऱ्यापाशीच उभी राहिली. आत येईना. “मैडम, घर में कुकर की सीटी बजे तो भी वही बोलती है। ये हमारी बोली नहीं है। सब कहते हैं झाड़ने वाले के पास ले जाओ।” तिच्या डोळ्यांत पोरीची काळजी होतीच, पण पोरीची भीतीही होती. ती मला सगळ्यात वाईट वाटली.

धारची माझी मैत्रीण प्रियांका इंदूरला अशा मुलांबरोबर काम करते. तिला फोन केला. भुताचं काही न बोलता मी फक्त काय होतं तेवढं सांगितलं.

“ती तुमच्याशी बोलतच नाहीये गं,” प्रियांका म्हणाली. “ती स्वतःला थोपटतेय. भीती वाटली की बाई जे म्हणायच्या ते, तसंच्या तसं, त्याच आवाजात. असं कितीतरी मुलं करतात. आता म्हणायला बाई नाहीत, म्हणून स्वतःच म्हणते.”

“मग मी काय करू?”

“भीती कशाकशाची आहे ते बघ आणि ती कमी कर. भीती गेली की त्या आवाजाची तिला गरज उरणार नाही.”

मी फोन ठेवला. इतकं सरळ गणित होतं. मी माझं काम नीट केलं तर वन्सं पुन्हा बोलणार नाहीत. खरं सांगते, मला ते उत्तर नको होतं.

त्यात सासूबाईंना कळलं. कोणी सांगितलं ते अजून माहीत नाही, बहुतेक भाजीवालीने. संध्याकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मला शाळेत ने.”

त्यांचं एक दुखणं होतं, ते सांगायला हवं. दहाव्याला क्षिप्रेच्या घाटावर वन्संच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. भाताचे गोळे मांडून आम्ही ऊन चढेपर्यंत उभे होतो. कावळे झाडावर होते, पण खाली एक येईना. जाणाऱ्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग एकेक जण हात जोडून सांगू लागला. प्रणव, माझा नवरा, म्हणाला की आईला मी सांभाळीन. सासूबाई म्हणाल्या, तुझे दागिने गरिबाच्या मुलीला देईन. काही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून सासूबाई मधूनच, कुकर लावताना, वाती वळताना, स्वतःशी म्हणायच्या, “काय राहिलं असेल हो सुमीचं?”

त्यांना मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. अंकिताच्या बाकाजवळ ऑफिसातून परत आणलेली ती खुर्ची ठेवली होती. सासूबाई त्यावर बसल्या. टोल पडला, पोरीने कान झाकले, आणि त्यांच्या लेकीचा आवाज त्यांच्यापासून हातभर अंतरावर म्हणाला, “मी इथेच बसल्ये. कुठ्ठे जात नाही.”

सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. रडल्या नाहीत. चेहरा उजळला त्यांचा. “बघितलंस? कावळा उगीच नव्हता अडला.”

मी प्रियांकाचं सगळं सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत गूळपापडीचा डबा घेऊन रिक्षाने यायला लागल्या. गूळपापडी वन्संना आवडायची. अंकिता त्यांच्याकडे बघायची नाही, पण डब्याकडे बघायची आणि हात पुढे करायची. ती खात असताना सासूबाई तिच्या कानाशी वाकून विचारायच्या, “सुमे, काय राहिलं गं तुझं? सांग ना.” पोरगी चावत राहायची.

इकडे मी कामाला लागले. पहिल्यांदा तो फोटो ऑफिसात नेऊन टांगला. मग अंकिताला समोर बसवून सोप्या हिंदीत सांगितलं की बड़ी मैडम आजारी पडल्या, त्यांचं शरीर बंद पडलं, त्या मेल्या. आता येणार नाहीत. तुझ्यामुळे नाही. ती बाकाच्या लाकडावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मर गई।” आणि थोड्या वेळाने, “कुर्सी रहेगी?” मी म्हटलं, राहील. वर्ग सुटल्यावर मी त्या खुर्चीवर बसून पोटभर रडले.

तुकारामला सांगितलं की टोल देण्याआधी खिडकीत येऊन लाल फडकं दाखवायचं, मगच हातोडी उचलायची. “मैडम, अब घंटी भी पूछ के बजाऊँ क्या?” असं तो कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी फडकं तर आणलंच, वर हातोडीला गोणपाट गुंडाळून आला. कपाटामागे सतरंजी टाकली. फार झालं की न विचारता तिथे जाऊन बसायचं, कोणी हाक मारायची नाही. आज काय काय होणार त्याची चित्रं ओळीने बाकावर चिकटवली. काही बदलणार असलं तर चित्र आधी बदलायचं. वर्गातल्या मुलांनाही सांगितलं की अंकितामध्ये कोणी येत नाही, ती घाबरते तेव्हा मैडमचे शब्द म्हणते, तुम्ही घाबरलात की आईला हाक मारता तसं. मुलांना पटलं. मुलांना लवकर पटतं. वेळ लागतो तो त्यांच्या आईबापांना.

आवाज कमी होत गेला. आधी दर टोलाला यायचा, मग एखाद्या वेळीच. लाल फडकं दिसलं की अंकिता आपणहून कान झाकायची, भिंतीकडे बघायची आणि ओठ मिटून ठेवायची.

सासूबाई मधली सुट्टी संपली तरी उठेनाशा झाल्या. टोल व्हायचा, त्या जीव कानात आणून बसायच्या, आणि काही नाही. एक दिवस घरी त्यांनी माझ्यासमोर ताट आपटलं. “तू तिला गप्प करत्येस.”

“मी पोरीची भीती घालवतेय.”

“माझी मुलगी बोलत्ये गं तिथे! आणि तू तिच्या तोंडावर हात ठेवत्येस!”

रात्री प्रणव म्हणाला, “ऐकू दे ना आईला थोडं. कोणाचं काय जातंय?”

“पोरीचं जातंय,” मी म्हटलं. पण आवाज माझाही धड नव्हता. कारण रोज फळ्याकडे तोंड करून मीसुद्धा तेच करत होते, कान देऊन उभी राहत होते.

सहामाहीच्या शेवटच्या पेपराच्या दिवशी मला उमाशंकर सरांनी ऑफिसात बोलावलं होतं. दोन पालक बसले होते, आणि सर त्यांना समजावत होते की आता बरंच बंद आहे, मैडमनी मेहनत घेतली आहे. तेवढ्यात टोल सुरू झाला. वेळ नसताना. आणि थांबेना. ठण, ठण, ठण, गोणपाट नसलेली हातोडी रुळावर पडत होती.

मी पळत सुटले. झाडाखाली सासूबाई उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हातांत हातोडी, आणि अख्खं अंग झोकून त्या रूळ बडवत होत्या. तुकाराम बाजूला हात चोळत उभा होता. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून हिसकून कशी घ्यायची, हे त्याला कळत नव्हतं. सासूबाईंचे डोळे खिडकीवर होते. “बोल!” त्या ओरडत होत्या. “सुमे, बोल ना गं!”

खिडकीतून मला अंकिता दिसली. ती बाकाखाली शिरली होती, कपाळ फरशीवर आपटत होती, चड्डी ओली झाली होती. मी खिडकीशी पोचले आणि आतून आवाज आला. या वेळी ‘झालं हं’ नव्हतं. हे मी कधी ऐकलं नव्हतं. वन्सं चिडल्या की जसं तोडून बोलायच्या तसं, खणखणीत.

“कोण बडवतंय ते? बंद करा आधी! पोर घाबरल्ये!”

हातोडी सासूबाईंच्या हातातून सुटून मातीत पडली.

तुकाराम हळूच म्हणाला, “ऐसेच चिल्लाती थीं मैडम मेरे पे। इसी खिड़की से।” सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या आणि लहान मुलीने मार खाताना करावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. “नाही गं,” त्या म्हणाल्या, “नाही बडवत. नाही बडवत आता.”

आणि त्या वर्गात गेल्या. मी मागोमाग धावले, म्हटलं हात लावू नका, धरू नका तिला. त्यांनी धरलं नाही. गुडघे धरत त्या फरशीवर बसल्या, बाकापासून थोड्या लांब. अंकिता हुंदके देत होती, आवाज आता नुसता घुसमटत होता. सासूबाईंनी घसा खाकरला.

“झालं हं, झालं,” त्या म्हणाल्या. “संपलंच बघ. भिंतीकडे बघ. मी इथेच बसल्ये. कुठ्ठे जात नाही.”

तोच हेल. तेच खाकरणं. मी दाराला टेकून उभी राहिले. वन्सं लहानपणी फटाक्यांना घाबरायच्या आणि आईच्या मांडीमागे लपायच्या, हे घरात कितीदा सांगून झालं होतं. एवढे दिवस आम्ही ज्या आवाजासाठी जीव टाकत होतो तो वन्संनी कुठून आणला होता हे तेव्हा मला कळलं. सासूबाईंना कळलं नाही. त्या आपल्या म्हणत राहिल्या, पुन्हा पुन्हा, पोरीचा श्वास लांब होईपर्यंत. दारात ते दोन पालक येऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना येऊ नका म्हटलं. त्या आल्याच. फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहिल्या, आत येण्याचं धाडस होईना. अंकिता वर्गाच्या पायरीवर होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघितलं. मग स्वतःच्या आवाजात, जरा घोगऱ्या, सपाट आवाजात, म्हणाली, “घंटी मत बजाना।”

“नहीं बजाऊँगी बेटा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची हिंदी एवढ्यातच संपते. “कध्धी नाही बजावणार.”

अंकिताने हात पुढे केला. सासूबाईंनी त्यावर गूळपापडीची वडी ठेवली.

टी.सी.चा विषय उमाशंकर सरांनी पुन्हा काढला नाही, म्हणजे त्यांच्या पद्धतीने निर्णय झाला. अंकिता पुढच्या वर्षी पाचवीत बसेल. सीता हल्ली उंबऱ्याच्या आत येते. नवरात्रात देवीच्या टेकडीकडून लाउडस्पीकर लागले की काय करायचं, याची आम्ही आतापासून चिंता करतोय. आणि तो आवाज गेला. त्या दिवसानंतर एकदाही आला नाही. लाल फडकं दिसतं, टोल पडतो, पोरगी कान झाकून भिंतीकडे बघते आणि ओठ मिटलेले असतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी असते. दर टोलाला माझा खडू थांबतो. मला थांबायचं नसतं, तरी थांबतो. मग मी पुढचा आकडा लिहिते.

सासूबाई अजून डबा पाठवतात, पण स्वतः रोज येत नाहीत. काल संध्याकाळी घरी आले तेव्हा त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी चपला काढल्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आज बोलली का गं?”

“नाही.”

“बरं झालं हो,” सासूबाई म्हणाल्या. “घाबरली नाही म्हणजे.” आणि निवडून ठेवलेली सगळी मेथी परत ढिगात मिसळून त्या पहिल्यापासून निवडायला लागल्या.